ढग चुकवत गोव्यात: नेत्रावळी, खोल, पुन्हा नेत्रावळी

गोव्याला चाललोय म्हटलं की ऑफिसात एक ठरावीक हसू उमटतं. तेही उमटलं. मग डिकीत आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण, दोन द्विनेत्री, ताडपत्री आणि हेअर ड्रायर आहे हे सांगितल्यावर हसू मावळलं. "गोव्यात तारे? वर बघायला तिथं कोण जातं?"

आम्ही जातो, आणि कारण आहे दीड अंश. कोल्हापूर १६.७ अक्षांशावर, दक्षिण गोव्यातलं नेत्रावळी गाव साधारण १५.१ वर. दक्षिणेकडचा प्रत्येक तारा तिथं दीड अंश वर चढतो, म्हणजे पूर्णचंद्राच्या तीन थाळ्या एकावर एक ठेवल्यावर होईल तेवढी उंची. एवढ्यासाठी दोनशे किलोमीटर? पण आमच्या गच्चीवरून त्रिशंकूचा, म्हणजे दक्षिणेकडच्या चार ताऱ्यांच्या त्या समूहाचा, तळाचा तारा क्षितिजाच्या जेमतेम दहा अंश वर येतो आणि त्या दहा अंशांत सगळा कागलकडचा उजेड भरलेला असतो. मागची सहा वर्षं मी त्रिशंकू "बघतोय" म्हणजे तो कुठं असायला हवा तिकडं बोट दाखवतोय.

तारीख महिनाभर आधी ठरली, कारण चंद्र ऐकत नाही. फाल्गुनातली अवस, पुढं लगेच पाडवा. ढगांची तारीख अर्थातच कुणी ठरवली नव्हती. चौघे होतो. मी, फोंड्याचे माझे दाजी, दहावीचा शेवटचा पेपर टाकून आलेली त्यांची मुलगी आणि निवृत्त भूगोल शिक्षक असलेले आमचे सर. दाजींनी कॉलेजात असताना पणजीच्या जुंता हाऊसच्या गच्चीवरच्या सार्वजनिक वेधशाळेतून शनीची कडी पाहिली होती. तेव्हापासून आपण खगोल अभ्यासक आहोत असं त्यांचं मत आहे.

पहिला दिवस, त्रयोदशी

आंबोली उतरून फोंड्यात ताईकडे जेवलो, दाजी आणि भाची गाडीत बसले. सूर्यास्ताआधी नेत्रावळी गाठायचं ठरलं होतं. कुडचड्यात शिगमोत्सवाची मिरवणूक आडवी आली. रोमटामेळ, ढोल, ताशे, वीस-वीस फुटी चित्ररथ, "ओस्सय ओस्सय"चा गजर. एका राक्षसाच्या डोळ्यांत एवढे प्रखर दिवे होते की सर म्हणाले, "हा एकटा सांगे तालुक्याचं आकाश खराब करील." दीड तास गेला. कुरकुर मी एकट्यानंच केली, बाकीचे तिघे खाली उतरून नाचून आले.

नेत्रावळीतलं घर कुळागरात आहे. सुपारी, नारळ, सुपारीवर चढलेली मिरवेल, मधून वाहणारा पाट. दिवसा स्वर्ग, पण तारे बघायला निरुपयोगी, कारण डोक्यावर झावळ्यांचं छप्पर. घरमालकांनी (आम्ही त्यांना दादा म्हणायला लागलो) हे फोनवरच सांगितलं होतं. घरामागं दोनशे पावलांवर सरदीचं भात कापून रिकामी पडलेली शेतं होती. तिथं दुर्बीण मांडायची असं ठरलेलं.

वहिनींनी आधी जेवायला बसवलं. उकड्या तांदळाचा भात, तोणाक, तांबडी भाजी, सोलकढी. सोलकढीचा तिसरा पेला घेताना दाजी म्हणाले, "तारे कुठं पळून जातात का?" तारे जातात हो दाजी, पश्चिमेला. नऊ वाजता शेतात पोचलो तेव्हा मृग बराच कलला होता.

आकाश उघडं होतं, पण स्वच्छ नव्हतं. उंचावर तंतुमेघांचा पातळ पडदा होता. व्याध दिसतोय, अगस्ती दिसतोय, पण मलमलीच्या पंच्यातून बघितल्यासारखे. मृगातला तेजोमेघ दुर्बिणीत राखेच्या बोटासारखा. अशा रात्री दुर्बिणीचा हट्ट धरू नये. सरांनी भाचीला सिंह, चित्रा, स्वाती आणि हस्त नुसत्या डोळ्यांनी शिकवले.

हस्ताची एक खूण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हस्ताचा चौकोन दक्षिणोत्तर रेषेवर आला, म्हणजे बरोबर दक्षिणेला सगळ्यांत उंच चढला, की त्याच्या सरळ खाली क्षितिजाजवळ त्रिशंकू उभा असतो. मार्चच्या शेवटी ही वेळ येते रात्री साडेबाराच्या पुढं.

साडेबारापर्यंत पडदाही विरळ झाला. आम्ही हस्तावरून खाली आलो, आलो, आणि डोंगराला आपटलो. नेत्रावळीच्या दक्षिणेला सह्याद्रीची भिंत आहे हे नकाशात दिसत होतं, मी ते बघितलंही होतं, पण ती किती अंशांची भिंत आहे हा प्रश्न मला पडला नव्हता. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंशांची असते. डोंगर भरला दीड मुठीहून जास्त. त्रिशंकूचा माथ्यावरचा तांबूस तारा तेवढा कड्यावर येऊन बसला. बाकीचे तीन डोंगरामागं.

"मामा, हा पाव त्रिशंकू झाला," भाची म्हणाली.

जागा बघायला जाल तेव्हा अंधार बघाच, पण दिवसाउजेडी दक्षिणेकडं मूठ धरून क्षितिजही मोजा. मला हे पन्नाशीत कळलं.

दुसरा दिवस, चतुर्दशी

सकाळी गोपीनाथाच्या देवळाजवळची बुडबुड्यांची तळी. तळाच्या वाळूतून बुडबुड्यांच्या माळा सारख्या वर येत असतात. काठावर टाळ्या वाजवल्या की वाढतात म्हणतात. दाजींनी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. वाढले असं त्यांना वाटलं, सरांना वाटलं नाही.

तिथून रिवणच्या पुढं उसगाळीमळला गेलो. कुशावती नदीच्या काठी जांभ्याचा सपाट पसारा आणि त्यावर कोरलेली चित्रं: बैल, हरणं, माणसं आणि एक मोठं वर्तुळाकार चक्रव्यूह. पावसाळ्यात नदी फुगली की हा खडक पाण्याखाली जातो. आत्ता तो तव्यासारखा तापला होता. आम्ही हौशी आकाशवाले असल्यामुळं दगडात तीन खळगे दिसले की लगेच "मृगाचा पट्टा!" असं होतं. सरांनी दटावलं. "तीन खळगे म्हणजे तीन खळगे." तरी जाताना ते स्वतःच चक्रव्यूहाच्या कडेनं बोट फिरवत वेढे मोजत बसले होते. उन्हाची तिरीप खालच्या कोनातून येते तेव्हा, म्हणजे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, कोरीव रेषा उठून दिसतात. आम्ही साडेअकराला गेलो ते चुकलंच.

परत येताना एका भाटीवर, म्हणजे काजूच्या दारूच्या भट्टीवर, थांबलो. काजूचा हंगाम भरात होता. बोंडू तुडवल्यावर गाळून घेतलेला ताजा नीरो प्यायलो. गोड, तुरट, घशाला किंचित खवखवणारा. दुपारपर्यंत ठेवला तर आंबतो, म्हणून तिथंच प्यायचा. हुर्राकाची बाटली दाजींनी घेतली, "ताईसाठी".

तीन वाजता घाटावर ढग उभे राहायला लागले. आधी कापसाचे बोळे, मग अर्ध्या तासात फुलकोबी. सर अंगणात खुर्ची टाकून त्यांच्याकडं पाठ्यपुस्तकाकडं बघावं तसं बघत होते. "दुपारी समुद्रावरचा दमट वारा आत येतो, सह्याद्रीला आपटतो आणि वर चढतो. खालून जमीन तापलेली. मग हे असं उकळतं. पण याची चूल सूर्य आहे. सूर्य गेला की हे बसतं."

मी तोवर फोनमध्ये डोकं घातलं होतं. पणजीच्या आल्तिन्योवर हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे, त्याचं चित्र मोबाइलवर दिसतं. सांगे तालुक्यावर पिवळे-तांबडे डाग, काणकोणची किनारपट्टी मोकळी. इन्सॅट उपग्रहाच्या चित्रातही समुद्र काळाभोर, म्हणजे ढग नाहीत. साडेपाचला टपोरे थेंब आले आणि मी निर्णय जाहीर केला: काणकोणातल्या खोल गावी जायचं, काबो द राम किल्ल्यापाशी. किनाऱ्यावर दक्षिणेला डोंगराची भिंत नाही, पाऊस नाही आणि पोचायला दोन तास.

सर म्हणाले, "मी असतो तर थांबलो असतो." पण ते मागच्या सीटवर बसले. त्यांचा स्वभाव तसा आहे.

आठला खोलच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, होतो. किल्ला संध्याकाळी बंद होतो, त्यामुळं बाहेरच, रस्त्यापासून आत, एका ओळखीच्यांच्या आवारात. आणि सुरुवात अशी झाली की मी सरांकडं दोनदा विजयानं बघितलं. डोक्यावर काळं आकाश, मृग, व्याध, दक्षिणेला खालपर्यंत उघडं. पश्चिमेला समुद्रावर एक फिकट पांढरा त्रिकोण, कृत्तिकांपर्यंत तिरका चढलेला. "मडगावचा उजेड," भाची म्हणाली. पण मडगाव उत्तरेला, आणि पश्चिमेला तर अरबी समुद्र सोडून काहीच नाही.

तो राशिप्रकाश होता. ग्रह ज्या पातळीत फिरतात त्या पातळीत पसरलेल्या धुळीवरून सूर्याचा प्रकाश विखुरतो. मार्चमध्ये संधिप्रकाश संपल्यावर ही पातळी पश्चिम क्षितिजावर बरीच उभी असते, म्हणून तेव्हा तो चांगला दिसतो. मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. सरही. कुणी काही बोललं नाही. दाजींनी हळूच विचारलं, "हे फोटोत येईल का?"

त्या रात्रीचं सुख तिथं संपलं.

साडेनऊनंतर क्षितिजावर ट्रॉलरांची रांग उजळली. एकेक दिवा शुक्रासारखा. हे धरलेलंच होतं. धरलं नव्हतं ते पुढचं. दहाच्या सुमारास अगस्ती तांबूस झाला, मग मंद, मग नाहीसा. समुद्रावरून काहीतरी येत होतं. पाऊस नाही, धुकं म्हणावं असंही नाही, एक उबदार, खारट, बुटकं मळभ. दुर्बिणीच्या नळकांड्यावरून पाण्याचे ओघळ. द्विनेत्रीच्या काचा पुसाव्या तर पुसता पुसता परत ओल्या. अकराला फक्त स्वाती दिसत होता, साडेअकराला तोही गेला.

आणि फोनवर इन्सॅटचं नवं चित्र आलं होतं. काणकोणची किनारपट्टी मोकळी! मी ते चित्र सरांना दाखवलं, मूर्खासारखं, जणू आकाशाचीच चूक आहे.

सरांनी शांतपणे समजावलं. रात्रीचं चित्र अवरक्त असतं, ते उजेड नाही, तापमान बघतं. उंच ढग थंड असतात, म्हणून ते ठळक दिसतात. पण दोन-तीनशे मीटरवरचं मळभ जवळजवळ समुद्राइतकंच उबदार, त्यामुळं ते चित्रात समुद्रासारखंच दिसतं. म्हणजे आहे आणि नाही. रडारचं उलट: ते पावसाचे थेंब बघतं, त्याला बिनपावसाचा ढग कळतच नाही. तेव्हा ही दोन चित्रं बघून "निरभ्र" म्हणायचं नाही. किनाऱ्यावर जाणार असाल तर सूर्यास्तापूर्वीचं शेवटचं साधं, उजेडातलं चित्र बघा आणि समुद्रावर दुधाळ साय दिसते का ते शोधा. आणि तिथल्या कुणाला तरी फोन करा.

फोन आम्हालाच आला. पावणेबाराला नेत्रावळीहून दादा. "तुमी गेल्या उपरांत अर्द्या वरान पावस रावलो. आतां सगळें निवळ जालां. नखेत्रां पळोवंक येयात!" आम्ही निघाल्यावर अर्ध्या तासात पाऊस थांबला होता आणि आता तिथं सगळं निवळलं होतं.

गाडीतल्या चौघांत बराच वेळ फक्त वायपरचा आवाज होता. रात्री बारा वाजता घाटाच्या पायथ्याच्या रस्त्यानं दोन तास परत? शक्य नव्हतं. धड किनाऱ्यावर तारे नाहीत, धड डोंगरात आम्ही नाही. त्रिशंकू बघायला आलेले आम्हीच त्रिशंकू झालो. हे वाक्य दाजी बोलले आणि मग त्यांना थांबवता येईना, पुढच्या दोन दिवसांत निदान दहा वेळा ऐकलं.

तिसरा दिवस, अवस

ओळखीच्यांच्या पडवीत चार तास झोपलो. सकाळी मळभ तसंच. खाली किनाऱ्यावर एक म्हातारे रापणकार जाळं निस्तरत बसले होते. त्यांना विचारलं, हे असं कधी येतं? त्यांनी बराच वेळ आमच्या अवताराकडं बघितलं. "दोन दीस उकडलं की येतं. रात्री डोंगराकडचा वारा सुटला की जातं. काल सुटला नाही." मग विचारलं, "तुम्ही वेधशाळेचे?" दाजी म्हणाले, "हो, तसंच काहीतरी."

किल्ला दिवसा बघितला. वनवासात राम-सीता इथं राहिले अशी आख्यायिका. १७६३ मध्ये सौंदेकर राजांकडून तो पोर्तुगीजांकडं गेला, पुढं १९५५ पर्यंत तिथं तुरुंग होता. आत सेंट अँथनीचं पांढरं चर्च आणि खाली समुद्राचा धडधडता निळा. फार सुंदर, पण आम्ही रागावलेले होतो. रस्त्यातल्या एका बाईंकडून खोलची मिरची घेतली. भौगोलिक मानांकन मिळालेली ती हीच. रंगाला लालभडक, तिखट बेताची. कोल्हापूरच्या माणसाला बेताची, एवढं लक्षात घ्या.

किनाऱ्यावरून परतल्यावर एक काम न विसरता करा: तिपाई, नळकांडं, स्क्रू ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्यानं पुसायचे. खारेपणा रात्रीत गंज धरतो. आरशाला मात्र फडकं लावायचं नाही. दुर्बिणीच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर दोन महिन्यांनी नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) बुरशीची नक्षी सापडेल.

तीनला नेत्रावळीत. घाटावर पुन्हा फुलकोबी. आज सव्वापाचलाच गडगडलं आणि मग जो कोसळला! कुळागरात पाऊस बघणं वेगळंच, आधी वरती झावळ्यांत आवाज, मग सेकंदभरानं अंगावर. चाळीस मिनिटं. एक मोठा कडकडाट झाला आणि गावातली वीज गेली.

मी फोन हातात घेतला. सरांनी तो काढून घेऊन स्वतःच्या खिशात टाकला. "आज थांबायचं."

आजी, म्हणजे दादांची आई, माजघराच्या दारात बसून आमची तयारी न्याहाळत होत्या. अवसेला रात्री रानाकडं जाणं त्यांना पसंत नव्हतं. भुताखेताची भीती असं नव्हे, ते मी उगाच गृहीत धरलं होतं. त्यांचा मुद्दा शिष्टाचाराचा होता. गावाचा राखणदार, देवचार, रात्री हद्दीवरून फिरतो, हातात चूड घेऊन. त्याच्या वाटेत बसू नये, त्याला वळसा घालायला लावू नये. "आणि परवा तुमचे तांबडे दिवे शेतात हलत होते," त्या म्हणाल्या, "शेजारीण मला सकाळी विचारायला आली, देवचार एकटा होता की चौघे?"

आमचे लाल टॉर्च! अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना लाल उजेडाचा त्रास कमी होतो, म्हणून आम्ही पांढरा दिवा लावत नाही. डोळे पुरते सरावायला अर्धा तास लागतो आणि एका मोबाइलच्या झळकीनं ते सगळं वाया जातं. शेजारणीच्या बाजूनं मात्र आम्ही कधी विचार केला नव्हता. जिथं जाल तिथं आसपासच्या चार घरांना संध्याकाळीच सांगून ठेवा. आणि अभयारण्याच्या हद्दीत रात्री परवानगीशिवाय शिरू नका. खासगी जमिनीवर, मालकासोबतच बसा.

दादांनी तोडगा काढला. शेत चिखल झालंय, तर वरच्या सड्यावर जाऊ, त्यांच्या काजूच्या जागेत. तिथं जांभा आहे, पाणी राहत नाही. आणि राखणदाराला त्यांनी जाताना हद्दीच्या दगडाशी एक विडी ठेवली. बॅटऱ्या दमटपणानं दगा देत होत्या, म्हणून कंदील घेतला. त्याला लाल करायला आजींनी देव्हाऱ्यातलं, पोथीला गुंडाळलेलं तांबडं फडकं काढून दिलं. फडकं दोनदा गुंडाळल्यावर काचेतून जो उजेड आला तो कुठल्याही दुकानी लाल टॉर्चपेक्षा बरा होता. जेमतेम नकाशा वाचता येईल एवढा. रॉकेलचा आणि पोथीतल्या कापराचा वास एकत्र, आणि त्या फडक्यावर एक पिवळट पतंग रात्रभर पंख मिटून बसलेला.

साडेआठला सड्यावर. पूर्वेकडून ढग फाटत होते. पश्चिमेला पावसाचा शेवटचा ढग ऐरणीसारखा पसरून दूर गेला होता, त्याच्या पोटात अधूनमधून वीज चमके, पण आवाज पोचत नव्हता. खाली सगळं खोरं काळं. एकही बल्ब नाही.

आणि आकाश धुतलेलं. उन्हाळ्याची धूळ, काजूच्या बागांत जाळलेल्या पाचोळ्याचा धूर, सगळं पावसानं खाली बसवलं होतं. कृत्तिका पश्चिमेला टेकल्या होत्या, तरी भाचीनं त्यात आठ मोजल्या. मला सहा. तिच्या वयाचे डोळे मला परत मिळणार नाहीत.

पण खरी गंमत दक्षिणेला होती. सड्यावरून डोंगराच्या भिंतीत एक खिंड दिसते, थेट दक्षिणेला. मूठ धरून मोजलं: मुठीहूनही कमी. म्हणजे डोंगर दोन्ही बाजूंना आणि मधे दार. पृथ्वी फिरते तसे दक्षिणेचे तारे त्या दारातून एकेक करून जाणार. आम्ही फक्त बसून राहायचं.

अकराला पहिलं आलं ते नौका तारकासमूहातल्या ईटाचं तेजोमेघ-क्षेत्र. नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपका, दुर्बिणीत काळ्या भेगा गेलेला उजेडाचा ढीग. यातला ईटा तारा १८४३ मध्ये एवढा उसळला होता की व्याधाखालोखाल आकाशातला दुसरा तेजस्वी तारा झाला, मग मंदावला. दाजींनी नेत्रिकेला डोळा लावला आणि प्रथमच काही विनोद केला नाही.

साडेबारानंतर हस्त डोक्यावरून दक्षिणेला उभा राहिला. त्याच्या खाली, खिंडीत, आधी माथ्यावरचा तांबूस, मग दोन बाजूंचे, मग तळाचा. सरळ उभा. चारही. सहा वर्षं बोट दाखवत होतो तिथं आज बोट न दाखवता होता. मला वाटलं होतं मी ओरडेन. प्रत्यक्षात मी दादांना म्हणालो, "हा बघा, त्रिशंकू."

दादा म्हणाले, "हा? हा तर आमचा चहाचा. पोरवयात काजू राखायला बाबांबरोबर यायचो. हे चार खिंडीत उभे राहिले की बाबा उठवायचे, आता तू जाग, मी पडतो. मग चहा ठेवायचो." त्यांना त्याचं नाव माहीत नव्हतं आणि लागलंही नव्हतं. आम्ही तिथं तीन दगडांवर चहा ठेवला.

दीडच्या पुढं ओमेगा सेंटॉरी सव्वीस-सत्तावीस अंशांवर चढला. नुसत्या डोळ्यांना किंचित पुसट तारा. जुन्या ज्योतिर्विदांनी त्याला ताराच धरलं होतं, १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून एडमंड हॅलीनं तो तारा नसल्याची नोंद केली. सुमारे सतरा हजार प्रकाशवर्षांवरचा कोटीभर ताऱ्यांचा गोळा. आठ इंचीतून तो सगळं दृष्टिक्षेत्र भरून टाकतो. नीट बघायचा तर डोळा सरळ न रोखता जरा कडेला न्यायचा, मग कडांचे दाणे सुटे होतात. भाची वीस मिनिटं सोडेना. मग म्हणाली, "मामा, हे रव्यासारखं आहे. भाजलेला नाही, कच्चा."

दोनच्या सुमारास खोऱ्यात एकदम पिवळा प्रकाश झाला. वीज आली होती. दादांच्या गोठ्यावरचा मोठा दिवा थेट आमच्या तोंडावर. सगळ्यांनी डोळे झाकले. दादांनी घरी फोन लावला, तिकडून आजींचा आवाज आम्हालाही ऐकू आला. दिवा गेला. मिनिटाभरानं शेजारच्या घराचाही गेला. मग त्याच्या पलीकडचाही. आजींनी किती घरं उठवली कोण जाणे.

पावणेतीनला मित्र आणि मित्रक हे दोन्ही तारे खिंडीत होते. मित्र म्हणजे सूर्याचा शेजारी, सुमारे ४.४ प्रकाशवर्षांवर. पूर्वेला वृश्चिक पूर्ण वर आलेला, त्यामागून आकाशगंगेचा फुगीर मध्य. इथं मला खरं तर अजून लिहायचं होतं, पण त्याच वेळी दुय्यम आरशावर दव धरलं आणि मी पुढची वीस मिनिटं गाडीच्या बॅटरीवर हेअर ड्रायर चालवत होतो. पावसानंतरच्या रात्री आकाश धुतलेलं मिळतं आणि त्याचं भाडं पहाटे वसूल होतं. तीननंतर ओढ्यावरून धुकं चढणार हे धरूनच चला. जुन्या योगा मॅटची नळी करून दुर्बिणीच्या तोंडाला लावली तर तासभर जास्त मिळतो. आमची मॅट खोलला राहिली होती.

चारला आवरलं.

चौथा दिवस, पाडवा

आठला उठलो तेव्हा अंगणात गुढी उभी होती आणि तिच्या काठीवरून पाणी ठिबकत होतं. वहिनींनी गोडाचं केलं होतं. आजींना फडकं परत दिलं. त्यांनी ते नाकाशी नेलं, रॉकेलचा वास घेतला आणि धुवायला टाकलं. "चौघे होतात की पाच?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं पाच, दादा होते ना. त्या हसल्या.

थोडं कामाचं: सांग्याच्या पुढं पेट्रोलची खात्री नाही, तिथंच टाकी भरा. रोख जवळ ठेवा. नेटवर्क येतं-जातं, हवामानाची चित्रं सांग्यातच बघून घ्या. पायात बूट हवेत, सापांचा प्रदेश आहे. जानेवारीअखेर ते मार्चअखेर हा काळ दक्षिणेच्या आकाशासाठी बरा. एप्रिल-मेमध्ये दुपारचे ढग वाढत जातात आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दुर्बीण माळ्यावर.

परतीचा रस्ता झोपेत गेला, गाडी सोडून सगळे झोपलेले होते. सर चालवत होते.

त्यानंतर तीन दिवसांनी सरांना दादांचा निरोप आला. कोकणीत ढगाला कूप म्हणतात. घाटावर चढलेल्या एका ढगाचा फोटो, खाली एवढंच: "सर, हें खंयचें कूप?"

सरांनी उत्तर धाडलं: "फुलकोबी. आठला सड्यावर जा. चहा घेऊन."